सिमेंटच्या कुंडीचा आतला साचा काढताना काठ तुटतो – मदत हवी आहे

नमस्कार. गेले दोन महिने मी घरच्या घरी सिमेंटच्या लहान कुंड्या आणि वाडगे तयार करत आहे. बाहेरचा साचा म्हणून श्रीखंडाचा रिकामा डबा आणि आतला म्हणून दह्याचा छोटा डबा घेते. 1 भाग सिमेंटला 2 भाग चाळलेली वाळू घालून, दोन्ही डब्यांना तेलाचा हात फिरवते आणि बुडबुडे निघून जावेत म्हणून भरलेला साचा जमिनीवर हलकेच आपटते. 24 तासांनी बाहेरचा डबा सहज सुटतो, परंतु आकसलेले सिमेंट आतल्या डब्याला घट्ट धरून बसते आणि तो ओढताना काठाचा टवका उडतो. काठ बोटभर जाड ठेवला तेव्हा तो शाबूत राहिला, पण कुंडी इतकी जड झाली की गॅलरीच्या कठड्यावर ठेवण्याची भीती वाटते. आतल्या डब्याला आधीच उभी चीर देऊन वर चिकटपट्टी लावावी, की वाळू भरलेला फुगा वापरावा?

दुसरी अडचण अशी की, 7 दिवस पाण्यात ठेवूनही कुंडी वाळल्यावर अंगावर चुन्याची पांढरी पूड येते. हिच्यात मला तुळस लावायची आहे. त्याआधी पाणी किती वेळा बदलावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.