बाप्तिस्म्यानंतर लागोपाठ संकटं, प्रार्थना कशी करावी? (मदत हवी आहे)

मोहरीचा दाणा:
नमस्कार. बाप्तिस्मा होऊन पाच महिने झाले. तेव्हापासून आजारपण, पैशाची ओढाताण आणि घरच्यांचा अबोला असं एकामागून एक चालू आहे. मंडळीतले (चर्चमधले) काही जण म्हणतात, एखादं पाप कबूल करायचं राहिलंय. काही म्हणतात, सैतान परीक्षा घेतोय, उपवास वाढवा. प्रार्थनेला बसलं की तोंडातून नुसती तक्रार निघते आणि मग विश्वास कच्चा असल्याची टोचणी लागते. रोज काय वाचावं, काय बोलावं?

पाणवठा:
तक्रार देवाकडेच करताय ना? मग ती प्रार्थनाच आहे. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या (प्रार्थनागीतांच्या पुस्तकातल्या) 150 स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत.

स्तोत्र 13 पासून सुरुवात करा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणं आहे, पाचव्या-सहाव्या ओवीत भरवसा. वहीत याच क्रमाने लिहा: आधी जे दुखतंय ते नाव घेऊन (‘सगळं वाईट चाललंय’ असं मोघम नको, ‘औषधाला पैसे नाहीत’ असं), मग एकच मागणं, मग भरवशाचं एक वाक्य. दहा-पंधरा मिनिटं पुरे.

इथे बहुतेक जण चुकतात ते असं, की पहिला भाग गिळून थेट भरवशावर उडी मारतात. मग शब्द पोकळ वाटतात आणि चार दिवसांत प्रार्थनाच सुटते. एखाद्या दिवशी भरवशाचं वाक्य आलंच नाही तर ओढूनताणून आणू नका. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावर खुद्द येशूच्या तोंडी स्तोत्र 22 ची पहिली ओळ आली.

साधी पणती:
पापाच्या मुद्द्यावर. योहान 9 मध्ये (योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय) जन्मांध माणसाला पाहून शिष्य हेच विचारतात, पाप कोणाचं? येशू म्हणतो, याचंही नाही, आईबापांचंही नाही. लूक 13 मध्ये शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, या प्रश्नाला त्याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. एखादी ठरावीक चूक मनाला खरोखर बोचत असेल तर ती कबूल करा आणि विषय संपवा. न सापडणारं पाप रोज उकरत बसू नका.

आणि बाप्तिस्म्यानंतर लगेच संकट म्हणजे काही बिघडलं, असं समजू नका. मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू बाप्तिस्मा घेऊन वर येतो आणि लगेच 40 दिवस रानात जातो.

ईयोबाचं पुस्तक (सगळं गमावलेल्या निरपराध माणसाची गोष्ट) वाचाल तर एक धोका सांगतो. त्यातलं सुटं वचन उचलू नका. निरपराध कधी नाश पावला आहे का, असं चौथ्या अध्यायात विचारणारा ईयोबाचा मित्र अलीफज आहे. 42:7 मध्ये (अध्याय 42, ओवी 7) देव त्याच्यावरच रागावतो. पहिले तीन अध्याय वाचा, मग 38 ते 42, आणि मधली भाषणं नंतर सावकाश. त्या मित्रांचं एकच वागणं घेण्यासारखं आहे. सात दिवस, सात रात्री ते न बोलता शेजारी बसले होते.

पाणवठा:
उपवासाचं राहिलं. आजारपणात, औषधं चालू असताना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नका. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, आणि पुन्हा उठवून खायला घालतो. औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं कोणी म्हटलं तर 1 तीमथ्य 5:23 दाखवा (प्रेषित पौलाचं त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला पत्र). तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल उपायच सुचवतो. जीव नकोसा वाटत असेल तर एकटे राहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. प्रार्थनेच्या बदल्यात कोणी पैसे मागितले तर सरळ नकार द्या.

मोहरीचा दाणा:
मनापासून आभार. दोन शंका. तेच मागणं किती वेळा करावं? आणि घरात अबोल्यावरून मारहाणीपर्यंत गेलं तर ‘सोसा’ असा सल्ला मिळतो, तो बरोबर आहे का?

साधी पणती:
पौलाने ‘शरीरातला काटा’ म्हटलेला त्रास जावा म्हणून तीनदा विनवणी केली, येशूनेही अटकेआधी गेथशेमाने बागेत तीनदा तेच मागितलं. तीन हा काही नियम नव्हे. पण दोघांनाही हवं ते मिळालं नाही, म्हणून नकाराला स्वतःच्या कच्च्या विश्वासाचा पुरावा मानू नका.

मारहाणीबद्दल: नाही, तो सल्ला चुकीचा आहे. दिमिष्कात (दमास्कस शहरात) जिवावर बेतलं तेव्हा पौल पाटीत बसून तटावरून उतरला. फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला (प्रेषितांची कृत्ये 9 आणि 22). आधी सुरक्षित जागी जा, कायद्याची मदत घ्या. क्षमेचं नंतर पाहता येईल. जाण्याची जागा आणि सोबत येईल असं एक माणूस आजच ठरवून ठेवा, कागदपत्रं आणि औषधं एका पिशवीत.