कंपनीने शिडाची बोट स्पॉन्सर करायची आणि त्याला सस्टेनेबिलिटी म्हणायचं, यात काही दम आहे का?

काठावरची
नमस्कार मंडळी. मी एका कंपनीत इंटर्नल कम्युनिकेशन बघते, म्हणजे भिंतीवरची पोस्टरं आणि सोमवार सकाळचे मेल. तर आमच्या वरच्या साहेबांच्या मनात आलंय की समुद्रातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत एक बोट स्पॉन्सर करायची. वारा, समुद्र, निसर्ग, आपली मूल्यं, सगळं एकदम कसं छान बसतं बघा असं चाललंय. एजन्सीवाले प्रेझेंटेशन घेऊन आले होते, पहिल्याच स्लाइडवर कलंडलेली बोट, फेसाळ लाट आणि भलंमोठं 'टीमवर्क'. खाली बारीक अक्षरात वाचलं तर शर्यत एकट्याने करायची! मी इकडेतिकडे बघितलं, कोणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.
आता मला दोन पानी टिपण लिहायचंय, 'यातून आपली पर्यावरणाची बांधिलकी कशी दिसेल'. मला साधं पोहताही येत नाही. बोट वाऱ्यावर चालते म्हणजे ती पर्यावरणपूरक, इतकं सोपं असतं का? जाणकारांनी जरा प्रकाश टाका.

उंटावरचा
मिरवणं आहे हो, दुसरं काय. पण नवीन नाही. १९७३ साली जी पृथ्वीप्रदक्षिणेची मोठी शर्यत सुरू झाली तिचं नावच व्हिटब्रेड होतं, म्हणजे बियर बनवणारी कंपनी. पुढे तीच व्होल्वोच्या नावाने चालली आणि आता द ओशन रेस म्हणतात. फ्रान्सच्या व्हांदे ग्लोबमध्ये, म्हणजे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, तर बोटींना स्वतःचं नाव क्वचितच असतं, कुणी बँक, कुणी विमा कंपनी, एक बोट तर शराल, तो मांसाचा ब्रँड. मला त्यात काही गैर वाटत नाही, जाहिरात आहे, जाहिरात म्हणून बघायची आणि सोडून द्यायची. डोकं फिरतं ते शिडावर हिरवं पान काढलं की.

खारा वारा
ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, इतकं सोपं नाही.
बोट चालते वाऱ्यावर पण बनते कार्बन फायबरची. आधी साचा बनवायचा, तो बरेचदा एकदोन बोटींपुरताच, मग फायबरचे थर, ते भट्टीत भाजायचे, थरांवर प्लॅस्टिकची व्हॅक्यूम बॅग जी नंतर कचऱ्यात. मी एका यार्डात काही महिने होतो, संध्याकाळी झाडायला लागलं की त्या बॅगांचा आणि कापलेल्या तुकड्यांचा ढीग कमरेपर्यंत यायचा, वर बोटीवर देवमाशाचं चित्र. इलेव्हन्थ अवर रेसिंग या टीमने आपली 'मलामा' ही साठ फुटी बोट बांधताना सगळा हिशोब मांडला आणि उघडपणे छापला, फक्त बांधणीचा आकडा निघाला पाचशे टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड इतका. बोट पाण्यात उतरायच्या आधीच! त्यात टीमची विमानं, कंटेनर, प्रत्येक बंदरातला तंबू हे धरलेलंच नाही. पण मला ती टीम आवडते ती याचसाठी, आकडा लपवला नाही, आणि २०२२-२३ ची ओशन रेस जिंकलीही त्याच बोटीने.
२०१९ मध्ये ग्रेटा थुनबर्ग प्लिमथहून न्यूयॉर्कला शिडाच्या बोटीने गेली ते आठवत असेल, बोटीचं नाव मालिझिया. तेव्हा लोकांनी काय पकडलं? बोट परत आणायला माणसं विमानाने जाणार हे. तुमच्या साहेबांनाही कोणीतरी हेच विचारणार.

काठावरची
बापरे. म्हणजे लिहूच नको का? नाही म्हणायची माझी प्राज्ञा नाही हो, नोकरी आहे. काहीतरी चांगलं उदाहरण असेलच ना?

शिडवाली
आहेत की. मी स्पॉन्सरशिपच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीत, दोन्ही बाजूंनी, मोबाईलवरून लिहितेय तेव्हा चुका पोटात घाला.
बोट समुद्रात गेली की ती दिसतच नाही, महिनोन्महिने. स्टेडियम नाही, प्रेक्षक नाहीत, दिसतो तो एक ओला झालेला माणूस आणि त्याने पाठवलेले व्हिडिओ. त्यामुळे तुम्ही पैसे देता ते लोगोला कमी आणि गोष्टीला जास्त. (लोगो घालायचाच तर मुख्य शिडावर वरच्या भागात घाला, वारा वाढला की शीड खालून गुंडाळून आखूड करतात आणि खालचा लोगो गायब, आमच्या एका क्लायंटचं सगळ्या वादळी फुटेजमध्ये अर्धंच नाव दिसलं, जे उरलं त्याचा अर्थ भलताच होत होता.) मग गोष्ट काय हे आधी ठरवा.
'इनिशियातिव कर' बघा, सामांथा डेव्हिसने बरीच वर्षं चालवलेली बोट, तिथे फेसबुकवर एक लाइक म्हणजे स्पॉन्सरकडून एक युरो, आणि तो पैसा हृदयाचा आजार असलेल्या मुलांच्या ऑपरेशनला. बोट पुढे गेली नाही तरी मुलाचं ऑपरेशन होतं. दुसरं, तोमा रुयाँ या फ्रेंच खलाशाच्या मागे अ‍ॅडव्हन्स ही सायबर सुरक्षेची कंपनी होती, तिने बोटीला स्वतःचं नाव न देता 'लिंक्डआउट' दिलं, बेघर आणि बेकार लोकांना काम मिळवून देणाऱ्या उपक्रमाचं.
पर्यावरणाचंच हवं असेल तर बोटीला काम द्या. या बोटी जिथे जातात तिथे संशोधनाची जहाजं फार जात नाहीत. २०१७-१८ च्या व्होल्वोच्या शर्यतीत 'टर्न द टाइड ऑन प्लॅस्टिक' ही बोट डी कॅफारीने चालवली, वरच्या नंबरात नव्हती, पण पाण्याचे नमुने घेत गेली. पॉइंट निमो, म्हणजे जमिनीपासून सगळ्यात लांबची जागा, त्याच्या आसपाससुद्धा दर घनमीटर पाण्यात ९ ते २६ मायक्रोप्लास्टिकचे कण निघाले. ग्रेटाला घेऊन गेलेल्या बोरिस हेरमानच्या बोटीवरही पाण्यातला कार्बन डायऑक्साइड, तापमान, खारेपणा मोजणारी यंत्रं असतात. वजन वाढतं, स्कीपर म्हणजे बोटीचे कप्तान कुरकुरतात, आणि शर्यतीच्या बोटीवर स्वखुशीने वजन वाढवणं यालाच मी बांधिलकी म्हणेन.
आणि माझा सगळ्यात लाडका कॉनरॅड कोलमन. २०१६-१७ च्या व्हांदे ग्लोबला बोट आहे पण मोठा स्पॉन्सर नाही, शर्यत सुरू व्हायच्या अगदी तोंडावर मिळाला आणि बोटीचं नाव झालं 'फोरसाइट नॅचरल एनर्जी'. डिझेल न जाळता, सौर ऊर्जा आणि पाण्यात फिरणाऱ्या जनरेटरवर ११० दिवसांत पूर्ण केली, तेही शेवटी शेवटी डोलकाठी मोडून पडल्यावर जुगाड करून उभारलेल्या शिडावर! नंबर सोळावा. अपारंपरिक ऊर्जेवाल्या स्पॉन्सरला याहून चांगली जाहिरात कोण देणार?

उंटावरचा
मान्य, कोलमनपुढे आपली बोलती बंद. तरी एक विचारतो, बोटीवर सौर पॅनेल आणि फॅक्टरीच्या छपरावर काय?

कागदी घोडा
मी ईएसजीचे, म्हणजे कंपनीची पर्यावरण, समाज आणि कारभार याबाबतची कामगिरी सांगणारे, रिपोर्ट लिहितो म्हणून एक कोरडी सूचना. कंपनी युरोपात माल विकत असेल तर 'पर्यावरणपूरक', 'ग्रीन' असले मोघम शब्द टिपणात टाकूच नका. पुराव्याशिवाय असं म्हणायला बंदी घालणारे युरोपियन युनियनचे नियम २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होतायत, आणि बाहेर पैसे देऊन उत्सर्जन भरून काढलं म्हणून उत्पादनाला 'कार्बन न्यूट्रल' म्हणणंही त्यात बसत नाही. बोटीच्या पोस्टरवरचं वाक्य उद्या खोक्यावर छापलं जातं, मग धावपळ आमची होते.

खारा वारा
+१. आणि ताई, ते 'टीमवर्क' अगदीच फेकू नका. २०२० च्या व्हांदे ग्लोबमध्ये केप ऑफ गुड होपच्या खाली केविन एस्कोफिएची बोट लाटेत दुमडली आणि बुडाली, तेव्हा चार बोटी शर्यत सोडून वळल्या, प्रत्येकीचे स्पॉन्सर वेगळे. रात्रीच्या अंधारात ज्याँ ल कामने त्याला उचललं. शोधात गेलेला वेळ पंचांनी परत दिला, त्या चौघांतल्या बेस्तावेनला सव्वादहा तास, आणि म्हणून रेषा आधी ओलांडलेला दालाँ दुसरा आणि बेस्तावेन पहिला. एकट्याच्या शर्यतीतलं टीमवर्क म्हणायचं तर हे.

काठावरची
धन्यवाद सगळ्यांना, किती वेळ दिलात. सकाळी साहेबांना भेटले. लाइकवाली कल्पना आवडली, पाण्याचे नमुनेही चालतील म्हणाले. उंटावरचांचा छपराचा प्रश्न मी माझाच म्हणून विचारून टाकला, त्यावर म्हणाले हा विषय वेगळा, त्याची वेगळी मीटिंग लावू. लावली नाहीये अजून, म्हणून मीच टिपणात रिकामा रकाना ठेवलाय: 'आपल्या फॅक्टरीचा आकडा', आणि सही करायची जागा त्याच्या खाली.
एजन्सीला एस्कोफिएचं सांगितलं. त्यांनी विचारलं, फोटो मिळेल का.

शिडवाली
अंधारात झालंय म्हणावं.