पद नाही, पगार नाही, वर म्हणे नेतृत्व करा!

हळदीचा कारकून:
परवा आपल्या ग्रुपवर कुपवाड एमआयडीसीतल्या एका एचआरवाल्यांची पोस्ट फिरली. 'खुर्चीची वाट बघू नका, जबाबदारी घ्या, लोक आपोआप मागं येतात.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

ऑगस्ट 2019. मी सांगलीत हळदीच्या गोदामावर हिशेबाला होतो. आयर्विन पुलापाशी पाणी चढतंय, मॅनेजर पुण्यात, फोन लागेना. 2005 ला हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांत, पाणी शिरून हळदीचं काय झालं ते पोरवयात बघितलेलं. हमालांना म्हटलं, दीडपट हमाली देतो, खालची पोती माडीवर चढवा. रात्री अडीचपर्यंत चारशे पोती हलली. मीही पाठीवर घेतली, आठवडाभर अंघोळीचं पाणी पिवळं. पुढं पाणी 57 फुटांवर गेलं, माल वाचला. महिन्यानं मालक म्हणाले, 'दीडपट कुणाला विचारून?' वरचा फरक माझ्या पगारातून तीन हप्त्यांत कापला. आणि हमाल आले ते दीडपटीमुळं, माझ्या नेतृत्वामुळं नव्हे.

कुपवाडचा एचआर:
पोस्ट माझीच. तुमच्या मालकानं केलं ते वाईटच. पण एका कंजूष माणसावरून नियम काढू नका. क्रांतिसिंह नाना पाटलांना कुणी ऑर्डर दिली होती का? 1943 ला प्रतिसरकार उभं राहिलं ते याच मातीत.

हळदीचा कारकून:
साहेब, नाना पाटील तलाठी होते. आधी नोकरी सोडली, मग पुढारी झाले. इंग्रजांचा पगार खात प्रतिसरकार चालवलं नाही. तुम्ही मात्र सांगताय की नोकरीतच राहा, साहेबाचं काम करा आणि पगार कारकुनाचा घ्या.

कृष्णाकाठ:
पुराचा विषय निघालाच आहे तर, खाली कर्नाटकात कृष्णेवर बांधलेल्या अलमट्टी धरणावर कोण बोलणार? पाणी अडवायची पातळी आत्ता 519.60 मीटर, कर्नाटकला 524.256 करायचंय. मग फुगवटा इकडं आला की कुठल्या माडीवर चढवणार पोती?

निवृत्त ओव्हरसिअर:
झालं सुरू. राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं 2019 च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही. निळ्या रेषेच्या, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या पूररेषेच्या, आत प्लॉट कुणी पाडले, ते विचारा आधी.

कृष्णाकाठ:
समितीच्या घरात पाणी आलं होतं का? आमची म्हैस दोन दिवस गच्चीवर होती.

निवृत्त ओव्हरसिअर:
म्हैस गच्चीवर चढली म्हणून धरण दोषी ठरत नाही. 32 वर्षं नोकरी केली आहे पाटबंधाऱ्यात, मला शिकवू नका.

कृष्णाकाठ:
32 वर्षं तुम्ही खात्यात होता, म्हणूनच ही वेळ आली!

रात्रपाळी (मिरज):
दादा-काका, धरण बाजूला ठेवा जरा. मी वॉर्डात सिस्टर आहे, इनचार्जसुद्धा नाही. नवा डॉक्टर रात्री दोनला डोस चुकीचा लिहितो. 'चुकलं' म्हटलं तर इगो दुखावतो. मी केसपेपर पुढं धरते, 'सर, पेशंटचं वजन 38 आहे, हेच द्यायचं ना?' तो बघतो, खोडतो, पुन्हा लिहितो. याला नेतृत्व म्हणा नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा, पेशंट वाचतो. कारकूनदादा, तुमचं काम बरोबरच होतं. फक्त मॅनेजरचा फोन लागत नव्हता तेव्हा मालकाला एक मेसेज टाकायचा, 'दीडपट देतोय, नको असेल तर लगेच सांगा.' मग कापायला तोंड राहिलं नसतं.

हळदीचा कारकून:
ताई, मेसेजचं मान्य. सुचलं नाही, पाणी बघून हातपाय गळाले होते. पण डॉक्टरची चूक दर रात्री तुम्ही धरायची, आणि इनचार्जचा भत्ता घेणार दुसरंच कुणीतरी. बरोबर ना?

रात्रपाळी (मिरज):
ते आहेच. सात वर्षं झाली.

कुपवाडचा एचआर:
ठीक आहे, पोस्टमध्ये एक ओळ वाढवतो: 'जबाबदारी घेणाऱ्याचा खर्च आणि भत्ता कंपनीनं द्यावा.' झालं समाधान? पण दुप्पट हमाली मीसुद्धा विचारल्याशिवाय दिली नसती.

हळदीचा कारकून:
दीडपट. वाचत तरी जा साहेब.

कृष्णाकाठ:
ओव्हरसिअर कुठं गेले? निळ्या रेषेचा नकाशा टाकतो म्हणाले असते तर मानलं असतं.

निवृत्त ओव्हरसिअर:
जेवत होतो. टाकतो. तुमची गच्चीपण दाखवतो त्यात.