मदत हवी आहे : जयपुरी ब्लू पॉटरीच्या जुन्या तबकाला लोणा लागला आहे

नमस्कार.

माझ्या मावशीने १९७० च्या दशकात जयपूरला राहत असताना घेतलेले, सुमारे १२ इंच व्यासाचे, हाताने रंगवलेले ब्लू पॉटरीचे तबक गेल्या वर्षी माझ्याकडे आले. मध्यभागी मान वळवून मागे पाहणारे हरीण आहे, भोवती गर्द निळ्या वेली आहेत आणि काठाला फिरोजी पट्टा आहे. वेलीची रेषा इतकी सलग आहे की रंगवणाऱ्याने ती एका दमात ओढली असावी. हे तबक जयपुरी ब्लू पॉटरीचे नामवंत कलाकार कृपालसिंह शेखावत यांच्या हातचे असल्याचे मावशी सांगत असे, परंतु पुराव्यावाचून मी तसे म्हणणार नाही.

पावसाळ्यापासून तबकाच्या मागील बाजूस लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी, बुरशीसारखी दिसणारी पूड, फुलू लागली आहे. मऊ कोरड्या कुंचल्याने झटकली की पंधरा दिवसांत ती पुन्हा येते आणि येताना झिलईचे बारीक पापुद्रे उचलते. मागे निळ्या रंगात केलेली सही होती. तिची पहिली दोन अक्षरे अशीच गेली. मला खरी काळजी त्या सहीची आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे या भांड्यांत कुंभाराची नेहमीची माती नसते. क्वार्ट्झची व काचेची पूड, थोडी मुलतानी माती, साजी (सोड्याचा क्षार) आणि कतीरा गोंद यांचा लगदा साच्यात दाबून आकार देतात, त्यावर रंगकाम व झिलई करून सुमारे ८०० ते ८५० अंश सेल्सिअसला एकदाच भाजतात. त्यामुळे अंग सच्छिद्र राहते. मावशी दर दिवाळीला तबक पाण्यात बुडवून धूत असे, आणि माझ्याकडे ते चार महिने ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगलेले होते. क्षार साजीतले असोत वा भिंतीतले, ओलीने त्यांना वाट मिळाली असे मला वाटते. आता तबक कोरड्या कपाटात, सुती कापडावर उपडे ठेवले आहे.

साध्या मातीच्या भांड्यांतले क्षार काढण्यासाठी ती शुद्ध पाण्यात भिजवून पाणी वारंवार बदलतात, हे मला ठाऊक आहे. परंतु इतक्या हलक्या भाजणीच्या, झिलई सुटू लागलेल्या तबकावर तो उपाय करावा का? की ओल्या कागदी लगद्याचा लेप फक्त मागील बाजूस देऊन क्षार शोषून घ्यावेत? आणि त्याआधी सहीभोवतीचे सैल पापुद्रे कशाने पक्के करावेत? काठावरची एक जुनी चीर पूर्वी कोणीतरी दुकानात चिकटवून दिली होती. तो गोंद पिवळा पडला आहे, आणि पाण्याने सुटेल अशी भीती आहे.

ज्यांनी जयपुरी भांड्यांवर स्वतः असे काम केले आहे किंवा संग्रहालयात करताना पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. तोवर मी तबकाला पाणी लावणार नाही.