फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, दिलेलं पिल्लू गेलं, तर जाब कुणाला विचारायचा?

अनगोळकर : जूनच्या पहिल्या पावसात आमच्याकडे बेळगावात कुत्र्याची दोन पिल्लं सांभाळायला आली. देणारे रस्त्यावरची जनावरं वाचवणारे. ते म्हणाले, "आठ दिवस ठेवा, घर बघूलालोय." तिसऱ्या दिवशी एकानं खाणं सोडलं. ओकाऱ्या, मग रक्ताची हगवण. पार्व्हो, पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार. चार दिवस सलाइन लावलं, पाचव्या पहाटे ते माझ्या पोरीच्या मांडीवरच गेलं. नंतर कळलं, त्याच विणीतलं एक पिल्लू आदल्या आठवड्यात वडगावात असंच गेलं होतं आणि देणाऱ्यांना ते ठाऊक होतं. सांगितलं असतं तरी मी ठेवून घेतलं असतं. फक्त पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं. हा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाईलनं मरत नाही. आता लस न झालेलं पिल्लू माझ्या परसात आणताच येत नाही. उपचाराच्या नावानं पैसे गोळा करायला क्यूआर कोड फिरला, बिल मात्र मी भरलं.

पिल्लासोबत एक चिठ्ठी द्या. कुठं सापडलं, जंताचं औषध आणि लस कधी, भावंडांचं काय झालं, खर्च कुणाचा, परत कधी नेणार. आणि जमलेल्या पैशाचा महिन्याला हिशेब द्या.

शहापूरची : दादा, पोरीसाठी फार वाईट वाटलं. लपवणं चूकच. पण मी नऊ वर्षं हे करते. दिवसभर दुकान, रात्री अकराला उद्यमबागेतून फोन, गटारात पिल्लं आहेत म्हणून. वीस जणांना विचारल्यावर एक घर 'हो' म्हणतं. त्याच्यापुढं कागद धरला की तेही मागं सरतं. आणि जाब एकट्या आम्हालाच का? गेल्या गणपतीत पाहुणे आले म्हणून एकांनी पाय मोडलेली कुत्री माझ्या फाटकाला बांधली आणि फोन बंद केला. तिचा जाब मी कुणाला विचारू?

अनगोळकर : म्हणूनच चिठ्ठीवर दोघांच्या सह्या हव्यात, ताई. त्या कुत्रीच्या वेळी तुमच्याही हातात काहीतरी असतं.

कॅम्पातला : मी या कामाला दरमहा 300 रुपये देतो, कधी हिशेब मागितला नाही. रात्री भिजत जाणाऱ्या पोरांकडं पावत्या मागायच्या, हे मला पटत नाही.

खानापूरवाला : तुम्ही मागत नाही हे तुमचं मोठेपण, पण सगळ्यांनीच मागायचं नाही असं कसं? आमच्या गल्लीतली नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून कान कापलेली धडधाकट कुत्री 'रेस्क्यू' म्हणून उचलून नेली. कुठं गेली? कुणी पुणं सांगतं, कुणी गोवा. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबद्दल केंद्र सरकारच्या 2023 च्या नियमांत नसबंदी आणि लसीनंतर कुत्रं जिथून धरलं तिथंच सोडायचं, असं स्पष्ट आहे. नोंद असती तर निदान कुठं आहे ते तरी कळलं असतं.

आणखी एक. पिल्लाची लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि 16 आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. मग "आठ दिवस" सांगून देणं हीच मुळात फसवणूक. दोन-अडीच महिने लागतील म्हणून सांगा. कमी लोक पुढं येतील, पण टिकतील.

शहापूरची : खरं सांगितलं की कुणी घेत नाही, हे मी रोज बघते. तरी आजारपण आणि लस, एवढं मी लिहून देईन, मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण सरकारी दवाखान्यात कन्नडच लागतं. महिन्याचा हिशेब मात्र माझ्याकडून होणार नाही. एकटी आहे मी.

अनगोळकर : हिशेब मी लिहितो. पावत्यांचे फोटो तेवढे पाठवत जा. दुसरं पिल्लू अजून आमच्याकडंच आहे, शनिवारी त्याचा दुसरा डोस. त्याची चिठ्ठी पहिली करू या.