३० ॲम्पची आरव्ही ५० ॲम्पच्या सॉकेटला जोडली तर?

सह्यकन्या: मंडळी, मदत हवी आहे. पुण्याहून आई-बाबा आलेत. जुलैत ग्रँड कॅन्यनला जातोय, २५ फुटी आरव्ही (आत राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेतली आहे, ३० ॲम्पची. तिथल्या साउथ रिमवर (दक्षिण कड्यावर) ट्रेलर व्हिलेज या आरव्ही कॅम्पग्राउंडमध्ये ५० ॲम्पच्या सॉकेटची जागा मिळाली. ॲडॉप्टर लावला तर जास्त वीज मिळेल का? बाबांना दुपारी एसी लागतोच, स्वयंपाकही गाडीतच. आईने मिक्सर आणलाय.

तारजोड: नाही मिळणार. ॲडॉप्टरने प्लग बसतो, एवढंच. गाडीचा मुख्य ब्रेकर ३० चाच राहतो. ३० ॲम्प गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३६०० वॉट, तेवढ्यात भागवायचं. ५० च्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन लाइन असतात, मिळून १२,००० वॉट. तुमच्या गाडीत त्यातली एकच येते.

आता हिशोब बघा. छतावरचा एसी १२ ते १५ ॲम्प खातो, मायक्रोवेव्ह १२-१३, गिझर विजेवर ठेवलात तर आणखी १२. दोन कसेबसे चालतात, तिसरं लावलं की ब्रेकर पडलाच. गिझर आणि फ्रीज गॅसवर चालत असतील तर तसेच ठेवा. कुकर, चहा शेगडीवरच. इंडक्शन नेऊ नका, एकटी १५ ॲम्प घेते. आईंचा मिक्सर २३० व्होल्टचा, तिथे नीट फिरणार नाही. चटण्या घरूनच वाटून न्या.

वाटसरू_ॲरिझोना: सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेज अचानक वाढलं तर गाडी वाचवणारं उपकरण) मात्र घ्याच, आणि कमी व्होल्टेजला वीज तोडणारा घ्या. भर दुपारी सगळ्यांचे एसी चालू असले की व्होल्टेज घसरतं. मग कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि तापतो. गेल्या उन्हाळ्यात एका कॅम्पग्राउंडवर आमच्या प्लगची पिन काळी पडली, सॉकेट सैल होतं. तेव्हापासून एसी लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघतो. गरम लागला तर आधी एसी बंद, मग कॅम्पग्राउंडच्या वीजखांबावरचा ब्रेकर बंद, आणि सॉकेट बदलून मागायचं. जोडतानाही आधी ब्रेकर बंद, मग प्लग, मग ब्रेकर चालू.

सह्यकन्या: खूप आभार! पुढे कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री आहोत. तिथेही असंच?

तारजोड: योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडवर वीजजोडणीच नाही. दिवे आणि पाण्याचा पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतील, एसीला जनरेटर लागेल. तो ठरावीक वेळेतच लावू देतात, त्या वेळा आधी बघून ठेवा. बाबांना रात्री श्वासाचं मशीन वगैरे लागतं का? लागत असेल तर इथे लिहा, त्याची सोय वेगळी करावी लागेल.