भाव उसळला की अ‍ॅप बंद: याला 'तांत्रिक अडचण' म्हणणं थांबवा

कृष्णाकाठ

काल इथे एकांनी लिहिलं की भाव उसळल्यावर क्रिप्टोची अ‍ॅपं बंद पडणारच, सर्व्हरवर ताण येतो, ज्याला हे सोसत नाही त्यानं सरळ मुदत ठेव करावी. वाचून डोकं तापलं. एवढ्या लोकांचं नुकसान एका ओळीत झटकून टाकायचं, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

२०१७ मध्ये हे कारण पटलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी बिटकॉइननं दहा हजार डॉलर ओलांडले आणि लगेच अकराही ओलांडले, तेव्हा कॉइनबेस हे क्रिप्टो खरेदी-विक्रीचं एक्सचेंज अडखळलं. जानेवारी २०१८ मध्ये क्रॅकेन हे दुसरं एक्सचेंज दोन तासांच्या कामासाठी बंद झालं ते जवळपास दोन दिवस उघडलंच नाही. धंदा नवा होता, लोकांनी सोसलं. पण २८ फेब्रुवारी २०२४ ला काय झालं? भाव साठ हजारांच्या पुढे, आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजायला आलेले, आणि कॉइनबेसवर लोकांना शिल्लक शून्य दिसायला लागली. तोवर ही कंपनी नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारावर नोंदली गेली होती. नवखेपणाची सबब कधीच संपली होती.

माझा खरा राग बंद पडण्यावर नाही, अर्धवट बंद पडण्यावर आहे. विश्रामबागेतल्या मित्राची एका एक्सचेंजवर फ्युचर्सची पोझिशन होती, म्हणजे थोडी अनामत (मार्जिन) ठेवून भावावर लावलेला मोठा सौदा. भाव उलटा फिरला तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. मोबाईलवर नुसतं चाक फिरतंय. ओटीपी येतोय तो मुदत संपल्यावर. कस्टमर केअरचा बॉट म्हणतोय, 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' आणि मार्जिन संपल्याबरोबर पोझिशन कापल्याचा ईमेल मात्र जराही उशीर न करता येऊन पडला. त्याच्यासाठी सगळं बंद, त्याला कापणारं यंत्र चालू. याला तांत्रिक अडचण म्हणायचं?

वालचंदी

मुदत ठेवीचं ते वाक्य माझंच आहे आणि मी ते मागे घेत नाही. मी पुण्यात पेमेंटच्या बॅकएंडवर काम करतो, रात्री-अपरात्री सर्व्हर पडल्याचे फोन मला येतात. तेव्हा जरा ऐकून घ्या.

अ‍ॅप ही एक वस्तू नसते. लॉगिन, ओटीपी, शिल्लक दाखवणं, ऑर्डर घेणं, ऑर्डरी जुळवणं, लिक्विडेशन (मार्जिन संपलं की पोझिशन सक्तीनं कापणं), या सगळ्या वेगवेगळ्या सेवा. जुळवणारं इंजिन आतल्या बाजूला असतं, त्याच्यापर्यंत ऑर्डरी मोजूनमापून पोचतात, म्हणून ते तगतं. मार खातो तो दर्शनी भाग. लाखो लोक एकाच मिनिटात अ‍ॅप उघडतात, प्रत्येकाची शिल्लक डेटाबेसातून काढावी लागते, दिसली नाही की माणूस पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतो आणि ताण आणखी चढतो. नवे सर्व्हर आपोआप जोडले जातात, पण त्याला काही मिनिटं लागतात. गर्दी येते काही सेकंदांत. डेटाबेस तर असा झटक्यात वाढवताही येत नाही.

तुम्ही सांगितलेल्या त्या फेब्रुवारीच्या रात्रीनंतर कॉइनबेसचा प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँगनं सांगितलं होतं की दहापट गर्दी धरून चाचणी घेतली होती, गर्दी त्याहूनही जास्त आली. सांगलीकरांना तरी हे कळायला हवं. २००५ च्या पुराची खूण बघून लोकांनी जोती उंच केली, २०१९ ला पाणी त्याच्याही वर गेलं. त्या लोकांना कुणी लबाड म्हणालं का?

कृष्णाकाठ

पुराला कुणी आवतण दिलं नव्हतं. इथे 'बिटकॉइन पाच टक्क्यांनी वाढला' ही सूचना एकाच क्षणी सगळ्यांच्या मोबाईलवर कोण पाठवतं? गर्दी हीच एक्सचेंजची कमाई, प्रत्येक सौद्यावर फी मिळते, म्हणून तेच ती बोलावतं. मग दार उघडं ठेवायची जबाबदारीही त्याचीच.

आणि आतलं इंजिन तगतं, ग्राहकाची बाजू मार खाते, हे तुम्ही स्वतःच लिहिलंत. पैसा कुठल्या बाजूवर खर्च केला ते त्यातच आलं. १९ मे २०२१ आठवा. बिटकॉइन एका दिवसात तीस हजारांपर्यंत कोसळला आणि बायनान्स या एक्सचेंजवर लोकांना पोझिशन बंद करता येईना. भरपाई मागायला निघाले, तर मुख्यालय नेमकं कुठल्या देशात हेच कंपनी सांगेना. दावा लावायचा कुठे?

हळदबाजार

मी साठी ओलांडलेला माणूस, मार्केट यार्डात आयुष्य गेलं. हळदीचा वायदा एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात चालतो, तिथे दिवसाच्या चढउताराला मर्यादा घातलेली आहे. शेअर बाजारात निर्देशांक १०, १५, २० टक्के हलला की सगळं थांबतं. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसई तांत्रिक बिघाडानं ११:४० ला बंद पडलं, तर संध्याकाळी पाचपर्यंत वेळ वाढवून दिली. एनएसईवर थांबलं ते सगळ्यांचं थांबलं. तुमच्या क्रिप्टोला ना मर्यादा, ना डोक्यावर सेबी. हे माहीत असून पोरं दहापट उधारीवर उड्या मारतात आणि मग रडतात.

ऐका बाळांनो, वालचंदी म्हणतात ते बरोबर आहे. ठेव करा. आमच्या पेठेतल्या पतसंस्थेत बँकेपेक्षा दीड टक्का जास्त मिळतो.

मिरजकरीण

काका, पतसंस्थेचं नाव माझ्यासमोर काढू नका.

माझे वडील शाळामास्तर होते. निवृत्तीचे सगळे पैसे त्यांनी अशाच दीड टक्क्यासाठी एका पतसंस्थेत ठेवले. संचालकांनी आपल्याच सोयऱ्यांना कर्जं वाटली. नंतर मी आईला घेऊन तिथे जायचे, तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे हवे होते. शटर अर्धं खाली, आत एकटा शिपाई, 'साहेब मीटिंगला गेलेत.' आईला वाकून आत जाता यायचं नाही, म्हणून ती पायरीवर बसायची, पावत्यांची प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन. ऑपरेशन शेवटी दागिने मोडून केलं. अ‍ॅप दोन तास बंद पडलं तर इथे एवढी चर्चा, आमचं शटर आजतागायत खालीच आहे.

बँक बुडाली तर डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाकडून पाच लाखांपर्यंत मिळतात, ४ फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेला ते संरक्षण नाही. हे न सांगता पोरांना दीड टक्का जास्त मिळतो म्हणून सांगणं मला पाप वाटतं.

हळदबाजार

ताई, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. २०१९ ला माझ्या गाळ्यात पाणी शिरलं, हळदीची पोती सडली. बँकेनं कागद मागितले, कागद पाण्यात. तेव्हा उभी राहिली ती हीच पतसंस्था. मॅनेजर चिखल तुडवत गाळ्यावर आला आणि तिथेच सह्या घेतल्या. हे कुठलं अ‍ॅप करणार आहे?

तासगावकर

काका, ओळखीच्या माणसाला कर्ज मिळालं ही तुम्हाला चांगली गोष्ट वाटते, आणि ओळखीच्या माणसांना कर्ज दिलं म्हणूनच ताईंचे पैसे बुडाले. मी स्वतः ठेवीदार समितीत आहे. आमच्या संस्थेची सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी झाली, नुकसानीची जबाबदारी ठरवणारी कलम ८८ ची सुरू आहे, तारखांवर तारखा पडतात. ज्यांच्यावर जबाबदारी निश्चित करायची ते बेदाण्याच्या सौद्यात रोज समोर भेटतात, नमस्कार घालतात.

हळदबाजार

म्हणजे मी वशिल्यानं कर्ज घेतलं असं म्हणायचंय का? हप्ता एकही चुकवलेला नाही. बोलताना वयाचा मान ठेवा.

तासगावकर

मान आहेच. पण पैसा तुमच्या शब्दावर ठेवणाऱ्या पोराला धोका सांगा, एवढंच माझं मागणं आहे.

विटेकर

आम्ही गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, सध्या मुक्काम कोइमतूर. एक सांगतो, भाव वेडावाकडा हलला की विकणारा नेहमीच दार लावतो. २३ जुलै २०२४ ला बजेटमध्ये सोन्यावरचं सीमाशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं. त्या दुपारी मोठे व्यापारी फोनच उचलत नव्हते. 'आज भाव नाही' एवढाच निरोप. नुकसान आमचंही झालं. पण माल आमच्या कपाटात होता, तो कुणी परस्पर विकून टाकला नाही. कृष्णाकाठ म्हणतात तो मुद्दा मला इथे पटतो, बाकी क्रिप्टोवर माझा काडीचा विश्वास नाही.

सीए_विश्रामबाग

कराचं कुणीच बोलेना. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. अ‍ॅप बंद असल्यामुळे पडेल भावात विकावं लागलं, तरी तो तोटा पूर्ण तुमचाच. सरकार कर घेतं, पण ग्राहकाच्या बाजूनं उभं राहायला नियामक नेमत नाही. एक्सचेंजना एफआययूकडे (केंद्राची संशयास्पद पैशांवर नजर ठेवणारी यंत्रणा) नोंदणी करावी लागते ती मनी लाँडरिंगसाठी, तुमच्या लॉगिनसाठी नाही.

वालचंदी

पतसंस्थेवरून मला कुणी काही विचारू नका, मी बँकेतली ठेव म्हणालो होतो.

कृष्णाकाठ, एक गोष्ट मनाविरुद्ध मान्य करतो. लॉगिन पडलेलं असताना लिक्विडेशन चालू ठेवणं हा निर्णय असतो, बिघाड नव्हे. ते थांबवणारं बटण बसवता येतं. पण थांबवलं तर समोर ज्याचा नफा झाला त्याचे पैसे कोण देणार? तोटा मार्जिनपेक्षा जास्त झाला की आधी एक्सचेंजच्या विमा निधीतून भरतात. तो आटला की नफ्यातल्या लोकांच्या पोझिशन सक्तीनं कापतात. तेव्हा हेच लोक ओरडतील.

कृष्णाकाठ

थांबवायचं तर दोन्ही बाजूंचं थांबवा. काकांनी सांगितलं तसं एनएसईमध्ये झालं, तिथे एकाला कोंडून दुसऱ्याचे व्यवहार चालू ठेवले नाहीत. माझी मागणी तेवढीच आहे, आणि बंद काळात कापलेल्या पोझिशनची भरपाई. मित्र जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. कंपनीचं भारतात कार्यालय आहे, म्हणून निदान नोटीस तरी बजावता येईल.

वालचंदी

मग पुरावा नीट गोळा करायला सांगा. कंपनीच्या स्टेटस पेजवर बिघाड कधी सुरू झाला, कधी मिटला याची नोंद असते, ती काढून टाकण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. तिथली वेळ बहुतेक यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, साडेपाच तास मिळवून लिहा, नाहीतर ईमेलची वेळ आणि बिघाडाची वेळ जुळणार नाही. उशिरा आलेले ओटीपीचे मेसेजही डिलीट करू देऊ नका. तो सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

मिरजकरीण

तासगावकर, तुमच्या समितीनं ८८ च्या चौकशीत ठेवीदारांचं म्हणणं लेखी दिलंय का? दिलं असेल तर नमुना पाठवा. आमच्याकडे मूळ पावत्या आहेत, अर्ज कुणी लिहून देत नाही.